सोप्यातली खाट

घराच्या पुढच्या सोप्याच्या तीन पायऱ्यांपैकी मधल्या पायरीवर माझा डावा पाय गुडघ्यातून मुडपला आणि मी तोंडावर खाली गेले. डॉक्टरीण पोरीने माझ्या कमरेला बांधलेला पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. तिने तो सोडला नाही, म्हणून तीही माझ्याबरोबर आली. माझं कपाळ अंगणातल्या शहाबादी फरशीवर आपटलं आणि रक्त डोळ्यात गेलं. मला बघायला आलेले भावकीतले चार जण सोप्यात चहा पीत बसले होते. ते उठून उभे राहिले. त्यातला एक म्हणाला, "गेला खुबा परत."

दोन महिन्यांपूर्वी गोठ्यात घसरून माझं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि आत सळई घातली होती. ती हलली असेल तर आता खाट सुटणार नाही, एवढं मलाही कळत होतं.

पोरीचं कोपर सोललं होतं. तिने त्याकडे बघितलं नाही. आधी माझा पाय चाचपला, मग माझाच पदर दुमडून माझ्या कपाळावर दाबला आणि सुनेला गाडी बोलवायला सांगितलं.

ही पोरगी इस्लामपूरच्या एका दवाखान्यात नवीन लागली होती. फिजिओथेरपीचं शिक्षण पुरं होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. आमच्या गावात तिला कोणी व्यायामवाली म्हणत, कोणी मालीशवाली. थोरले दीर पलटणीतून पेन्शनीत आलेले. ते तिला पी.टी. मास्तर म्हणत. आठवड्यातून तीनदा ती एसटीने आमच्या घरी यायची.

दवाखान्यात खुब्याचा फोटो काढला. सळई जागेवर होती. कपाळाला तीन टाके पडले. मग तिच्या खात्याचे मोठे डॉक्टर आले, ज्यांना ती सर म्हणायची. माझा मुलगा आणि थोरले दीर तिथेच उभे होते. सरांनी तिला विचारलं, कशाच्या जोरावर पायरी दिलीस? ती म्हणाली, आज्जी तीन आठवडे रोज तीन वेळा व्यायाम करतायत. सर माझ्याकडे वळले.

"आज्जी, रोज करत होता?"

"व्हय," मी म्हणाले.

ते खोटं होतं.

सर म्हणाले, म्हणजे घाई तुझी. घरोघरी जाणं बंद, वर्षभर इथेच शेकाच्या मशीनवर बस. ती "चुकलं, सर" एवढंच बोलली.

खोटं का बोलले ते सांगते. आमच्याकडे माणूस आजारी पडलं की खाट सोप्यात टाकतात, म्हणजे बघायला येणाऱ्यांना घरात आत जावं लागत नाही. माझीही तिथेच होती. थोरले दीर सकाळपासून सोप्यातच पेपर घेऊन बसतात. पन्नास वर्षांत मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू दिलेला नाही. आणि पोरीने दिलेला पहिला व्यायाम काय, तर उताणं पडून पाय सरळ वर उचलायचा. कासोट्याच्या लुगड्यात पाय वर केला की लुगडं मांडीपर्यंत घसरतं. ती आली की पुरुष माणसं आपणहून बाहेर जात, तेवढ्यापुरता मी पाय उचलत असे. बाकीचे दिवस नुसती पडून असायचे. ती विचारायची, केलं का आज्जी? मी म्हणायचे, केलं. तीन आठवड्यांत ते तोंडात बसून गेलं होतं.

पडताना तिच्या पिशवीतून एक वही पायरीवर पडली होती. सुनेने ती उचलून भिंतीतल्या देवळीत ठेवली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. मी वाचली. चौथीपर्यंत शिकले आहे, बोट ठेवून वाचते, त्यामुळे चार दिवस पुरली.

पहिल्या पानावर लिहिलं होतं, मला काय येतं आणि काय येत नाही. येत नाही त्याच्याखाली होतं: "म्हाताऱ्या माणसांना उलटं विचारायला संकोच वाटतो" आणि "पडणाऱ्या माणसाला धरायची भीती वाटते." पुढच्या पानावर वर्षं मांडली होती. पहिल्या वर्षी सरांच्या हाताखाली राहायचं आणि घरी जाऊन उपचार करायला शिकायचं. दुसऱ्या वर्षी सांगलीला जाऊन लकवा झालेल्या माणसांचं काम शिकायचं. चौथ्या वर्षी स्वतःच्या गावात दोन खोल्यांत काम सुरू करायचं. तिचं गाव पूर्वेला, दुष्काळी भागात. घरचे मेंढरं राखणारे, आता थोडी शेतीही करतात. तिकडे माणसाचे गुडघे गेले की माणूस घरात बसतो, त्याला दवाखान्यात कोण नेणार. म्हणून तिने खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: "घरी जाणं जमलं नाही तर गावात जाऊन उपयोग नाही."

आणि तेच सरांनी बंद केलं होतं.

माझंही एक पान होतं. रोजची एक अशा एकवीस खुणा. त्यातल्या नऊ खऱ्या होत्या, ती समोर असतानाच्या. शेवटची ओळ: "आज्जी पायरी उतरल्या की सरांकडे आणखी घरं मागायची."

टाके काढायला मुलगा मला गाडीने घेऊन गेला. पोरगी मशीनच्या खोलीत कुणाच्या तरी कमरेला पट्ट्या लावत होती. थोरले दीरही आले होते. मला ते नको होते, पण म्हटलं आता आहेत तर आहेत. मी सरांना म्हणाले, "हिनं सांगितल्यालं मी केलंच न्हाई. ही आली की करायची, ही गेली की पडून ऱ्हायची. तवा तुमी विचारलं, तवाबी खोटं बोलले."

सरांनी कारण विचारलं. मी कारण सांगितलं, खाट, दीर, लुगडं, सगळं. थोरले दीर भिंतीवरचं हाडांचं चित्र बघायला लागले. मुलगा खाली बघत होता. मला काही वाटलं नाही. आठ दिवस जे वाटायचं ते वाटून झालं होतं.

सरांनी पोरीला बोलावलं. मला वाटलं आता तिला मोकळी करतील. तसं झालं नाही. ते म्हणाले, "आज्जी खोटं बोलल्या हे खरं. पण तू पायरी देण्याआधी पायाची ताकद मोजायची होतीस. तोंडाचं ऐकलंस." तिने मान हलवली. हे मला पटलं. मग त्यांनी सहा आठवडे दिले. घर एकच, माझं. सहा आठवड्यांनी आज्जी गाडीने नाही, एसटीने स्वतः चढून इथे आल्या तर बाकीची घरं परत देतो, नाही तर मशीन.

मी तिची वही परत केली. ती म्हणाली, "वाचली का?"

"वाचली. अक्षर बरं न्हाई तुझं."

ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदा तिला हसताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती तडक घरात शिरली. खाटेकडे बघितलंच नाही. न्हाणी कुठे, चूल कुठे, पोती कुठे ठेवता, दिवसभर सोप्यात कोण कोण बसतं, सगळं विचारून वहीत लिहिलं. मग तिने आणि सुनेने धान्याच्या खोलीतली पोती एका बाजूला रचली आणि माझी खाट तिथे नेली. दाराला आतून कडी होती. सून म्हणाली, "आत्या, गल्लीतली लोकं म्हणतील सासूला पोत्यात टाकली." मी म्हणाले, म्हणू दे.

मग पोरीने सुनेची सलवार मागितली. मी म्हणाले, चुलीत घालीन पण अंगात घालणार नाही. तिने वाद घातला नाही. वही काढली आणि माझ्यासमोर लिहिलं: "आज व्यायाम नाही, आज्जींनी नको म्हटलं." तारीख टाकली. त्यानंतर ती खरं तेच लिहायची आणि मला वाचून दाखवायची. दुसऱ्या दिवशी मी सलवार घातली. फार सोयीचा कपडा आहे.

चौथ्या दिवशी थोरल्या दिरांची खुर्ची धान्याच्या खोलीबाहेर दिसली, दाराकडे पाठ करून. बंद दाराआडून आम्हाला आवाज आला, "एक. दो. एक. दो." मी पाय उचलायचे तो त्यांच्या आकड्यावर. दमून थांबले की बाहेरून विचारत, "डॉक्टर, जवान थांबला काय?" पोरगी आतून म्हणायची, "पाणी पितोय." ती नसे तेव्हाही दिवसातून तीन वेळा खुर्ची तिथे यायची. मग मला दांडी मारणं शक्य नव्हतं.

मला चालवताना ती मागून बघायची. म्हणाली, लंगडणारं मेंढरू मागून चालत बघितल्यावर कळतं, माझे वडील शंभरात ते एक ओळखतात. मला मेंढरू म्हटल्याचा राग आला. पण मी डावीकडे कलते हे तिने बरोबर पकडलं होतं.

एकदा ती शिंप्याचा टेप घेऊन आमच्या स्टँडवर गेली आणि उभ्या एसटीची पायरी मोजायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "काय वो मॅडम, एसटीला ब्लाऊज शिवताय काय?" तिने माप घेऊन झाल्यावरच उत्तर दिलं, "आज्जीला चढवायचंय." परसात विटा रचून वर फळी टाकली. मुलाने बाजूच्या खांबाला लोखंडी दांडा बसवला, एसटीच्या दारात असतो तसा. दर आठवड्याला फळीखाली एकेक वीट वाढायची. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आधी पायाची ताकद बघायची, मगच वीट. पाचव्या आठवड्यात मीच म्हणाले, टाक अजून एक. ती म्हणाली, "आज न्हाई. मोजल्यावर." मी चिडले, पण तिने वीट टाकली नाही. त्या दिवशी मला कळलं की ही आता तोंडाचं ऐकत नाही.

सहा आठवडे झाले तेव्हा सकाळच्या एसटीला आम्ही गेलो. मी लुगडं नेसले होते, कासोटा नीट खोचलेला. पोरगी माझ्या मागे होती, पण पट्टा नव्हता. तो तिने मुद्दाम घरी ठेवायला लावला होता. कंडक्टर वरून हात देऊन म्हणाला, चला आज्जी, उशीर होतोय.

"हात लावू नको. मी बसेपर्यंत तू डबल बेल मारू नको, एवढंच कर."

दांडा धरला. चांगला पाय वर, मग दुखरा. एक. दो. दुसरी पायरी. तिसरी. आत जाऊन मी खिडकीची जागा घेतली. मागे वळून बघितलं तर पोरगी अजून खालीच उभी होती. कंडक्टर तिला म्हणाला, "मॅडम, आज्जी चढल्या, आता तुमी चढा."

इस्लामपूरला उतरून मी दवाखान्यापर्यंत काठी घेऊन चालत गेले. सर दारात आले, माझ्यामागे गाडी दिसते का बघितलं, आणि माझ्याकडचं तिकीट मागितलं. मी दाखवलं. त्यांनी ते पोरीच्या वहीत माझ्या पानाला टाचलं आणि त्याच दिवशी तिला दोन घरं दिली. पुढे दवाखान्याच्या कागदावर त्यांनी एक ओळ वाढवली. घरी गेल्यावर आधी विचारायचं, पेशंटची खाट कुठे आहे आणि समोर कोण बसतं. ती ओळ तिची आहे हे सर सगळ्यांना सांगतात.

दुसऱ्या वर्षी ती सांगलीला शिकून आली. आता तिच्या गावात दोन खोल्या आहेत, वहीत होत्या तशाच, आणि आठवड्यातले तीन दिवस ती मोटरसायकलवरून वस्त्या फिरते. मी तिथे एसटी बदलून एकटी गेले होते. वाईला बहिणीकडेही दोनदा जाऊन आले.

थोरले दीर मागच्या थंडीत गेले. त्या दिवशी पायरीवरून पडलो त्या आम्ही दोघी. दोघीही अजून चालत्या-फिरत्या आहोत.