आधी म्हशी, मग वासरं

"गुरुदत्तकाका उघड्या डोळ्यांनी झोपतात," असं नवीन पनवेलच्या त्या इमारतीत सगळेच म्हणत. ते अगदी खोटंही नव्हतं. न्हावा शेवा बंदराच्या यार्डात ट्रेलर रांगेला लावता लावता त्यांची नोकरी सरली होती. अजूनही संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की हमरस्त्यावरच्या गाड्या त्यांच्या नजरेसमोर आपोआप वेगळ्या होत. जड एकीकडे, हलक्या एकीकडे, आणि मधे खाडीच्या पाण्यासारखी संथ, मोकळी जागा. शेजारच्या रमावहिनींनी "काका, चहा निवला!" अशी हाक मारली की ते परत येत.

तळोज्याच्या बाजूला, एका ओस डांबरी मैदानावर हौशी मंडळी मोटारींच्या शर्यती भरवू लागली, तेव्हा कोणती गाडी कोणत्या गटात धावेल हे ठरवण्याचं काम साहजिकच त्यांच्याकडे आलं.

या खेपेला गाड्या कमी आल्या. निकाल वेगवेगळे लागणार असले, तरी मोठ्या आणि लहान इंजिनांचे गट एकत्रच पळवणं भाग होतं. लहानांत त्यांची मुलगी चारुता होती, तिच्या तेराशे सीसीच्या जुन्या गाडीसह. सरावात तिची वेळ मोठ्या गाड्यांच्या बरोबरीची आली होती.

"बाबा, मला पुढच्या रांगेत परेशच्या शेजारी उभं करा. एकदा तरी त्यांच्याबरोबर सुटायचंय मला."

लांबलचक सेडानला टेकलेला परेश हसला. "द्या की काका. आरशात बघायला कोणीतरी हवंच."

गुरुदत्तांनी डोळे मिटले. वेळ सारखी होती. चाल सारखी नव्हती. परेशची गाडी सरळ पट्टीवर झेपावे आणि वळणावर जडावून रेंगाळे. चारुताची सरळ पट्टीवर दमे आणि वळण अलगद घेई. एकदम सोडल्या, तर पहिल्याच वळणाच्या गर्दीत तिचं नाक त्याच्या दारात घुसलं असतं. मग डांबर विरघळलं आणि गावचं तळं दिसू लागलं. आधी म्हशी सुटत. त्या पाण्याला लागेपर्यंत त्यांचे वडील वासरांना फाटकाशी हाताने थोपवून धरत. वासरांची धडधड त्यांच्या तळहाताला लागत असणार.

"मोठ्या आधी सुटतील," डोळे उघडत ते म्हणाले. "शेवटची म्हैस वळण पार करेल, मग वासरं."

"म्हणजे आम्ही म्हशी?" परेशने विचारलं आणि मैदान हसलं.

चारुता हसली नाही. "तुम्हीच मला हरवताय, बाबा," म्हणत तिने हेल्मेटची काच खाली ओढली.

उन्हात डांबरावर झळा नाचत होत्या. गाड्या जमिनीला न टेकता तरंगल्यासारख्या दिसत. प्रत्येक वळणावर ती लहान गाडी थोडी थोडी जवळ सरकत गेली. दोन मोठ्या गाड्या मागे पडल्या. परेश मात्र हातभर पुढे राहिला. तिच्या गटात चारुता पहिली आली. करंडक तिने वडिलांच्या हाती दिला आणि स्वतः पुढे निघाली.

बातमी त्यांच्याआधीच जिन्यात पोचली होती. "काय हो काका," रमावहिनींनी वाट अडवली, "सख्ख्या पोरीला मागे ठेवलंत? बाप ना तुम्ही?"

दोन पायऱ्या वर गेलेली चारुता काखेत हेल्मेट धरून थांबली.

"बाप घरी," गुरुदत्त म्हणाले. "तिथे ती तेराशे सीसी."