आठ पात्यांचा चाकू आणि मी

चार माणसं महिना-दोन महिने एकाच राहुटीत झोपली की किस्से आपोआप साठतात, ते कुणी मुद्दाम जमवत नाही. माझ्याकडे जव्हार संस्थानच्या जंगलखात्यातले असे पुष्कळ साठले आहेत. त्यातल्या बहुतेकांत फजिती माझीच झाली आहे, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. आता सांगायला हरकत नाही.

आधी एवढं सांगतो. पावसाळा संपला की आमचे साहेब, म्हणजे खात्याचे अंमलदार, दोन महिने मोखाड्याच्या बाजूला फिरतीवर जात. हद्दीचे दगड तपासायचे, तोडीच्या झाडांवर खुणा करायच्या. बरोबर एकच कारकून. तो साहेबांच्या पंगतीला बसायचा, आणि गावात शिरलं की लोक त्यालाही वाकून रामराम करायचे. तीन वर्षं तो कारकून मी होतो. सामानाची लिस्ट माझ्याकडे असायची आणि त्यातली हत्यारं मी जीव ओतून निवडायचो. रान तोडायला दोन कोयते, आचाऱ्याला सुरी, साहेबांना वस्तरा आणि मला बोरू तासायचा चाकू. यापेक्षा जास्त काही लागत नाही, हे मी छातीठोकपणे सांगत असे.

चौथ्या वर्षी नाशकाकडून बदलून विष्णुपंत आले. त्यांच्या खिशात आठ पात्यांचा विलायती चाकू होता.

*

पहिल्याच दिवशी त्यांनी तो साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवला. एक पातं मोठं, एक लहान, एक करवत, एक कात्री, एक बूच काढायला, एक डबा फोडायला, एक भोक पाडायला. आठवं पातं म्हणजे वाकडा आकडा होता. तो कशाला, असं मी मुद्दाम विचारलं. घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढायला, असं उत्तर आलं.

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, आमच्या साहेबांचं तट्टू या घाटात अकरा वर्षं चालतंय, त्याच्या खुरात आजवर खडा गेला नाही!

त्याच आठवड्यात गेला. तट्टू लंगडत आलं आणि विष्णुपंतांनी अर्ध्या मिनिटात खडा काढून साहेबांच्या हातावर ठेवला. त्या तट्टाला तीन वर्षं मी माझ्या हाताने गूळ चारला होता!

साहेब खूश झाले. यंदा दोघेही चला म्हणाले, आणि फिरती संपताना यापुढचा कायमचा फिरतीचा कारकून कोण ते ठरवतो.

*

आठ पात्यांना उत्तर म्हणून मी ठाण्याच्या चुलतभावाला पत्र टाकलं आणि एक शिकारी सुरा मागवला. हातभर लांब, सांबरशिंगाची मूठ, कातडी म्यान. तो कमरेला बांधून मी पहिल्या मुक्कामाला निघालो तेव्हा विष्णुपंतांनी दोनदा वळून बघितलं. मला बरं वाटलं.

आमचा वाटाड्या लखमा खोडाळ्याकडचा. कमरेच्या आकडीत एक कोयता, अंगावर लंगोटी आणि बंडी, एवढंच त्याचं सामान. तो कमी बोलायचा. चढ लागला तसा सुऱ्याच्या वजनाने माझं धोतर सुटायला लागलं. मी एका हाताने सुरा आणि दुसऱ्या हाताने धोतर धरून चाललो होतो. लखमा मैलभर बघत राहिला आणि मग त्याने अगदी काळजीने विचारलं,

"भाऊसाहेब, हा कोनाला मारायला आनला?"

साहेब हसले ते हसलेच. त्या सुऱ्याने दोन महिन्यांत एकच वस्तू कापली. ती काकडी होती.

*

मग एकदा देवाला माझी दया आली. विष्णुपंत करवतीच्या पात्याने बांबू कापायला बसले. लखमा म्हणाला, कोयता घ्या. ते म्हणाले, बघच तू. बांबू अर्धा झाला, पातं खटकन मिटलं आणि त्यांचं बोट आत सापडलं. रक्त भळाभळा.

मी मनातल्या मनात पेढे वाटले. खोटं कशाला बोलू?

पण साहेब धावत आले. त्यांनी स्वतःचा रेशमी रुमाल फाडला, स्वतःच्या हाताने पट्टी बांधली आणि रात्री दोनदा उठून ताप आला का ते पाहिलं. माझ्या तीन वर्षांच्या नोकरीत साहेबांनी माझी नाडी कधी धरली नव्हती. पुढचे दोन दिवस मी माझ्या धडधाकट दहा बोटांकडे बघत होतो.

*

या सगळ्यात रान तोडत होता फक्त लखमाचा कोयता. त्यानेच वाट व्हायची, त्यानेच सरपण, त्यानेच मासा साफ, आणि जेवणानंतर साहेबांना दात कोरायची काडीही त्यानेच तासून मिळायची. साहेब एकदा म्हणाले, हत्यार असावं तर असं. झालं! आम्ही दोघेही कारकून लखमावर जळायला लागलो.

खोडाळ्याच्या बाजारात त्याने आम्हाला लोहाराकडे नेलं. कोयता कसा निवडायचा तेही दाखवलं. मनगटावर तोलायचा, नखाने वाजवून आवाज ऐकायचा, मुठीशी हात घसरतो का बघायचं. घाई करायची नाही. विष्णुपंत एका कोयत्यासमोर थांबले, तो उचलला, वाजवला, पुन्हा उचलला. त्यांचे डोळे चमकलेले मला दिसले. मग मी कसला थांबतोय? हात घालून तो कोयता ओढलाच आणि मला हाच पाहिजे म्हणून अडून बसलो. लोहार काहीतरी सांगत होता, ते मी ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी फांदीवर मारला की कोयता घसरून बाजूला जायचा. दहा वेळा मारला, दहाही वेळा गेला. शेवटी लखमाने तो हातात घेऊन फिरवून पाहिला. कोयत्याची धार एकाच अंगाने काढतात, आणि ही उलट्या अंगाने काढलेली होती. लोहाराने तो कुणा डावखुऱ्यासाठी घडवला होता.

जेवताना मी प्रथमच नीट पाहिलं. विष्णुपंत भात उजव्या हाताने खात होते, पण लोटा, लेखणी आणि चाकू डाव्या हातात धरत होते!

*

आता शेवटचा. हा मी घरातही सांगितलेला नाही.

फिरतीचा शेवटचा दिवस. दुपारी नदीवर जेवणं झाली, साहेब जांभळीखाली आडवे झाले होते आणि उठल्यावर निर्णय सांगणार होते. निर्णय काय होणार ते मला दिसत होतं. विष्णुपंतांनी पेरू कापला, चाकू धुऊन खडकावर वाळत ठेवला आणि सामान बांधायला गेले. पलीकडच्या काठावर लखमा कारवी तोडत होता, त्याची माझ्याकडे पाठ होती. खडकाखाली डोह होता.

मी चाकू पायाने ढकलला. हाताने नाही ढकलला, एवढंच स्वतःला समजावत राहिलो.

घटकाभराने बोंबाबोंब झाली. विष्णुपंत खडकावर, वाळूत, झुडपांत गुडघ्यांवर रांगत शोधत होते. सगळ्यांत मोठ्या आवाजात शोधत होतो मी. साहेब उठून आले आणि म्हणाले, जाऊ दे, दुसरा मागवू. तेव्हा विष्णुपंत खाली बसले आणि म्हणाले की हा धाकट्या भावाने दिलेला, तो प्लेगात गेला, त्याची एवढीच वस्तू राहिली होती. चार महिने एका ऑफिसात बसून मी त्यांना चाकू कुणी दिला हे कधी विचारलं नव्हतं.

लखमा नदी ओलांडून आला. त्याने कुणाला काही विचारलं नाही. बंडी काढली, नेमक्या त्याच खडकावरून उडी मारली आणि एका दमात वर आला. थंडीने त्याचे दात वाजत होते. चाकू त्याने विष्णुपंतांना दिला नाही. माझ्या तळहातावर ठेवला.

"तुमीच द्या त्यांना," तो म्हणाला.

मी दिला. विष्णुपंतांनी मला मिठी मारली आणि ते रडले. मग त्यांनीच साहेबांना सांगितलं की भाऊरावांएवढा जीव तोडून कुणी शोधला नाही, जागा यांनाच द्या. साहेबांनी दिली. मी घेतली.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर मी लिस्ट करायला बसलो. लखमा ऑफिसच्या पायरीवर येऊन उकिडवा बसला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, औंदा हत्यारं कोणती घ्यावीत?

तो म्हणाला,

"तुमची हायत ती घ्या, भाऊसाहेब. दुसऱ्याचं नका घेऊ. मला पान्यात उतराय लागतं."