हाय खाल्ली

मोठी बहीण पांढुर्ण्याला दिलेली, मी सौसरला. गेल्या वर्षी नागपूरला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवा गुडघा बसवला. डॉक्टरांनी निघताना बजावलं, रोज वाकवा, दुखलं तरी थांबू नका. आता आखडला तर मग कठीण आहे.

व्यायाम करून घ्यायला घरी एक बाई यायच्या. त्या टाच धरून पाय मागं दाबायच्या आणि ताई पदराचा बोळा तोंडात धरायची. एक दिवस तिनं त्यांना सांगून टाकलं, "उद्यापासून येऊ नका."

मग जो तो बोलायला लागला. भाऊजी म्हणाले, "हिनं हाय खाल्ली." शेजारच्या काकू म्हणाल्या, "नांगी टाकली तुमच्या ताईनं." पुण्याहून तिचा मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, तू तर एकदमच लेचीपेची निघाली." ताई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि एवढंच म्हणायची, "दुखून राहिलं." 

मला वाटायचं, माझं ऐकेल. मी शाळेत शिकवते, सुट्टी असली की बस धरून जायची. गोड बोलले, रागावले. एकदा चिडून मीही म्हणाले, "अशी कशी गं तू हातपाय गाळून बसली?"

ती शांतपणे म्हणाली, "म्हण तू बी. पण शब्दानं गुडघा वाकते का?"

मग स्वतःच पाय पुढं करून म्हणाली, "घे, वाकव."

मी त्या बाईंसारखीच टाच धरली. थोडं दाबलं. ताई ओरडली नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिनं माझा खांदा असा आवळला की मला तिची नखं लागली. लहानपणी बोरगावच्या शाळेत जाताना हिनंच माझा हात धरलेला असायचा. माझ्या हातातली टाच कधी सुटली, मला कळलंच नाही.

दारात भाऊजी उभे होते. म्हणाले, "तुझ्यानंबी नाही झालं."

पुढं तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, भूल देऊन वाकवून पाहू. ताईनं नाही म्हणून मान हलवली. भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं.

आता तिचा पाय अर्धाच वाकतो. मांडी घालून बसणं गेलं. मागच्या मंगळवारी सगळे जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो. गाडीतून उतरताना पाय अडकला तशी ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बसते." भाऊजी "घ्या, इथंबी" असं काहीतरी पुटपुटत पुढं गेले.

मी तिच्याजवळच थांबले. दोघी गाडीचं दार उघडं टाकून बसलो. तिनं विचारलं, तुमच्या सौसरला संत्री कशी किलो मिळून राहिली. मी सांगितलं. गुडघ्याचा विषय मी काढला नाही.