समोरून लावलेली आग

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला, हे बायकोला सांगताना मीच अडखळतो. हे एक प्रकरण मात्र तसं मिसळलं नाही. ते आठवलं की अजून चरफड होते, आणि ती दुसऱ्या कोणावर नाही, माझ्यावरच.

त्या वेळी मी मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. वाढलो घोडपदेवच्या चाळीत, नोकरीची पहिली वर्षं काढली परळ-लालबागला. गर्दीतला गुन्हा मला बरोबर कळायचा. जंगलातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिथल्या आमच्या कामाचा प्रकारही वेगळा. कोणी बिबट्या दिसल्याचा फोन करायचं, कोणी झाडीत हातभट्टी लावायचं, कोणी भिंतीवरून उडी मारून आत जायचं. होळीच्या आसपास गवत वाळलं की वणवे. वन विभागाची माणसं ओल्या डहाळ्यांनी झोडपून आग विझवायची, आमची गाडी रस्ता अडवून उभी राहायची, आणि स्टेशन डायरीत दोन ओळी पडायच्या. विषय संपला.

त्या रविवारी दुपारी लागलेला वणवा मात्र दोन ओळींत मावणारा नव्हता. टेकडीच्या माथ्यावरून सुटलेली आग वाऱ्यासोबत आदिवासी पाड्याच्या दिशेने आली आणि पाड्याच्या अलीकडे थांबली. माणूस दगावला नाही, पण धूर हायवेवरून दिसत होता. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ, आणि माझ्या मोबाईलवर साहेबांचे फोन. "आरोपी कोण?" एवढा एकच प्रश्न.

सोमवारी सकाळीच खबर आली. पार्कात चालायला येणारे एक गृहस्थ मोबाईल घेऊन ठाण्यात आले. त्यांच्या व्हिडिओत खाकी शर्टातला एक माणूस पेटत्या गवताची जुडी हातात घेऊन पायवाटेच्या कडेने वाकत वाकत चालला होता, आणि त्याच्या मागे गवत पेटत होतं. चेहरा स्वच्छ दिसत होता. तो वन विभागाचाच वॉचर निघाला. त्याच पाड्यावरचा वारली, चाळिशीचा, रोजंदारीवर. वणव्यावर लक्ष ठेवायचं हेच त्याचं काम.

विझवायला ठेवलेला माणूसच आग लावतोय! याहून सोपी केस ती कोणती? तासाभरात तो माझ्यासमोर उभा होता. मी विचारलं, "आग कोणी लावली?"

"मी लावली."

"कुठून लावली?"

"पायवाटेवरून लावली, साहेब."

धाक नाही, दरडावणी नाही, काही नाही. जबाब लिहून झाला आणि मी चहा मागवला. आगीचे दिवस वाढले की कामाचे दिवस वाढतात, म्हणून लावली असणार, हे कारण मीच मनाशी ठरवून टाकलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे नवा शिपाईसुद्धा जाणतो. पण माणसाला आत टाकायला आणि कामावरून काढायला ती पुरते. त्याचा वनरक्षक आठवड्यापूर्वीच बदलून आलेला, आग लागली तेव्हा तो उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याच्याकडूनही काही कळलं नाही.

वॉचरची बायको रोज सकाळी यायची आणि ठाण्याच्या बाकावर बसायची. रडारड नाही, आरडाओरडा नाही. मी आत-बाहेर करताना तेवढं म्हणायची, "साहेब, पर्मनंटच्या यादीत नाव आलंय त्याचं. बारा पावसाळे झाले कामाला. एवढं तरी बघा." मी "बघू, बघू" म्हणायचो. हे "बघू" आम्ही पोलीस दिवसातून पन्नास वेळा म्हणतो आणि त्यातलं एकही बघत नाही.

आता मुद्देमालाचं सांगतो. वणवा सुरू झाला त्या माथ्यावर, एका मोठ्या झाडाखाली, पंचनाम्यात तीन वस्तू मिळाल्या होत्या: जळलेली नारळाची भकलं, बाटलीच्या काचा आणि काळा ठिक्कर पडलेला स्टीलचा ग्लास. मी लिहिलं होतं, 'मद्यपानाचे साहित्य'. कोणीतरी आधी केव्हातरी पार्टी केली असेल, आपल्या केसशी संबंध नाही. माथा आणि पायवाट यांत एवढं अंतर कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. हातात व्हिडिओ असला की प्रश्न पडायचे बंद होतात.

आमचा मुद्देमाल सांभाळणारा हवालदार मालवणकडचा. पाचव्या दिवशी तो पाकीट घेऊन माझ्या केबिनमध्ये आला.

"साहेब, ही पार्टी नाय."

"मग काय आहे?"

"पार्टीला ग्लास एकच असतो काय? आणि दारूसोबत नारळ कोण फोडतो? ही राखण आहे, साहेब. देवचाराची."

"कोणाची?"

"तुम्ही घाटावरचे, तुम्हाला नाय कळायचं," असं म्हणून तो गालात हसला. एरवी मी त्याला झापलं असतं. त्याने समजावलं, की त्यांच्या गावी देवचार म्हणजे वेशीचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि दारू द्यायची आणि विडी ठेवायची. "विडी पेटवूनच ठेवायची हां साहेब. आणि ठेवली की मागे वळून बघायचं नाय. सरळ घरी."

मी खुर्चीतून उठलोच. मार्च महिना, गुडघाभर वाळलेलं गवत, त्यात पेटती विडी, आणि ठेवणारा मागे न बघता निघून गेलेला!

हवालदाराने ग्लास माझ्यापुढे धरला. मुद्देमालाला असा हात लावायचा नसतो, पण त्याने अंगठ्याने काजळी पुसलीच होती. खाली टिंबाटिंबांची कोरलेली अक्षरं. नवरा-नवरीची नावं, 'शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट', आणि खाली चाळीचं नाव, डिलाईल रोड. तीस वर्षांच्या नोकरीत आरोपींनी बोटांचे ठसे सोडलेले पाहिले, चपला सोडलेल्या पाहिल्या. नाव-पत्ता कोरलेलं भांडं गुन्ह्याच्या जागी ठेवून जाणारी माणसं फक्त आपल्या गिरणगावातच सापडतील.

त्याच दुपारी आम्ही दोघं साध्या कपड्यांत डिलाईल रोडला गेलो. चाळ अजून उभी होती, शेजारचा टॉवर तिच्या अंगणावर सावली धरून होता. ग्लासावरच्या नावाने विचारत दुसऱ्या मजल्यावर पोहोचलो, तर दार उघडलं ते घरच्या सुनेने. मागे तिचा नवरा. मी ओळख सांगितली तसा तो घाईघाईने म्हणाला, "आमच्या घरचं कोणी कुठे गेलं नव्हतं, साहेब." मी अजून काही विचारलंच नव्हतं! मी ग्लास बाहेर काढला.

"अय्या, हा आमचाच!" सून म्हणाली. "सहाचा सेट आहे, रविवारपासून पाचच भरतायत. कुठे मिळाला तुम्हाला?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. हवालदार खिडकीबाहेर बघू लागला, हसू लपवायला.

आतून काठी टेकत सासरे आले. गिरणी कामगार, वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी नीट विचारलं, "काका, रविवारी कुठे गेला होतात?"

"राखण देवक. औंदा गावाक जावक जमला नाय, गुडघो हो असो. हय खंय वेस आणि खंय झाड? म्हणान टॅक्सी करून पार्कात वरपर्यंत गेलंय. विडी ठेवलंय आणि मागे वळान न बघता इलंय."

"काका, तिथे वणवा लागला."

टीव्हीवर वणवा काकांनी पाहिला होता, पण त्या वणव्याचा आणि आपल्या विडीचा संबंध त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. देवाला दिलेली विडी देव ओढतो, ती गवत कशाला पेटवेल? मी सांगितलं की या प्रकरणात एक माणूस आत आहे.

"कोण माणूस?"

"जंगलातला वॉचर."

काका सुनेकडे वळले. "माझो धुतलेलो शर्ट दी." मुलगा काहीतरी वकिलाचं बोलू लागला, तसे त्याच्यावर खेकसले, "गप रव! त्या माणसाक आधी सोडा साहेबानु. केलंय मी, आणि आत बसलो तो?"

पुढे काकांवर रीतसर गुन्हा दाखल झाला. वय आणि तब्येत बघून कोर्टाने जामीन दिला आणि शेवटी दंडावर निभावलं. ते प्रत्येक तारखेला धुतलेला शर्ट घालून हजर राहिले.

पण माझं कोडं सुटलं नव्हतं. आग काकांच्या विडीने लागली, मग व्हिडिओत वॉचर काय करत होता? दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराला घेऊन मी जळलेली टेकडी माथ्यापासून पायवाटेपर्यंत पायी उतरलो. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. माथ्यावरून आलेला जळका पट्टा आणि पायवाटेवरून वर गेलेला जळका पट्टा मधोमध एकमेकांना भिडले होते. पायवाटेच्या या बाजूचं गवत हिरवं-पिवळं, जसंच्या तसं. त्यामागे पाडा. झोपड्या, कोंबड्या, वाळत घातलेले कपडे, सगळं शाबूत.

वॉचर तोवर न्यायालयीन कोठडीत गेला होता. परवानगी घेऊन मी तुरुंगात त्याला भेटलो. त्याला विचारलं, "आग का लावलीस?"

"मोठी आग येत होती, साहेब. डहाळीने मरणारी नव्हती. समोरून लावली. पुढचं गवत आपणच आधी जाळलं, की तिला खायला काय राहत नाही. मग ती मरते."

"हे पहिल्या दिवशी का नाही बोललास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा नवल वाटल्यासारखं.

"तुम्ही विचारलं, कोणी लावली. मी सांगितलं. कशाला लावली, ते तुम्ही विचारलंच नाही."

माझी लाज मलाच वाटली.

दहाव्या दिवशी तो सुटला. आमच्या पद्धतीप्रमाणे कागदावर आलं, 'पुराव्याअभावी सोडण्यात येत आहे'. हाच शब्द त्याला नडला. वन विभागाच्या कचेरीतला लिपिक त्याच्या बायकोला म्हणाला, पुराव्याअभावी म्हणजे संशय आहेच की, यादीतलं नाव थांबवावं लागेल. ती पुन्हा माझ्या बाकावर येऊन बसली.

मी तिथल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहायला बसलो. तीन मसुदे फाडले. साहेबांचा सल्ला होता की जास्त लिहू नकोस, चौकशी लागेल. शेवटी जे पत्र गेलं त्यात लिहिलं होतं, की सदर इसमाने आग पाड्याकडे येऊ न देण्यासाठी समोरून आग लावली होती, त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही, आणि तपासात गैरसमज झाला. पत्राने काम केलं, पण उशिरा. त्या वर्षीची यादी निघून गेली होती, नाव पुढच्या वर्षीच्या यादीत लागलं. एक पावसाळा त्याने पुन्हा रोजंदारीवर काढला.

या प्रकरणानंतर माझ्या ठाण्यात मी एक शिस्त लावली. कोणी कितीही सरळ कबुली दिली तरी 'का' विचारल्याशिवाय जबाब पुरा करायचा नाही, आणि घटनास्थळ पायाखाली घातल्याशिवाय कोणाला आत टाकायचं नाही. नवे उपनिरीक्षक कंटाळायचे. कंटाळोत बापडे.

निवृत्तीच्या आधी फायली चाळताना त्या पत्राची प्रत हाती लागली. 'तपासात गैरसमज झाला.' कोणाचा झाला, ते कुठेच नाही. त्या लांबलचक पत्रात मला एकच शब्द लिहायचा होता, 'माझा', आणि तेवढाच मी गाळला होता.