हॉल तिकिटावरचा गाल

फुलवाल्यांच्या घरात दिवाळीचा फराळ कायम शेवटच्या घाईत होतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आई-बाबा झेंडू घेऊन मार्केटला गेले होते आणि पंधरा वर्षांची मी घरी शंकरपाळे तळत होते. कढई कलंडली. डाव्या गालापासून गळ्यापर्यंत भाजलं. दहावीचं ते वर्ष वाया गेलं, आणि पुढची दोन वर्षं फोडणीचा नुसता आवाज आला तरी मी अंगणात पळायचे.

त्याहून जास्त त्रास लोकांच्या नजरेचा झाला. माणसं माझ्याकडे बघायची, दचकायची आणि मग माझ्या चपलांशी बोलायची. मुळात माझ्या नाकावर राग, त्यात हे. पाहुण्यांसमोर यायचंच मी बंद केलं.

दवाखान्यात माझं ड्रेसिंग करणारी सिस्टर तेवढी माझ्या तोंडाकडे बघून बोलायची, वर मी फार ओरडले तर रागवायचीसुद्धा. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. म्हणून बारावीनंतर नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला. त्यासाठी आमच्या नाक्यावरच्या फोटोवाल्या काकांनी फोटो काढला आणि मायेपोटी कॉम्प्युटरवर गालावरचा डाग साफ पुसून टाकला. फोटो बघून आईला रडू आलं. मला तर तो इतका आवडला की मी दिवसातून दहादा बघायचे. तोच आम्ही अर्जाला लावला.

परीक्षेचं केंद्र दिंडोरी रस्त्याला होतं. आई फाटकापाशी थांबली. आत टेबलामागच्या बाईंनी हॉल तिकीट बघितलं, मला बघितलं, परत तिकीट बघितलं. मग आधार कार्ड मागितलं. त्यावर फोटो सातवीतला. म्हणजे दोन कागद, दोन्हींवर धड गालाची मुलगी, आणि समोर मी. दुसऱ्या कुणाच्या नावावर परीक्षा द्यायला आलीस का, असं त्यांनी सरळच विचारलं. दार बंद व्हायला पंधरा मिनिटं होती. मी परत जायला वळलेसुद्धा.

पण हे सगळं बाई टेबलावरच्या यादीकडे बघत बोलत होत्या, आणि तिथे माझं डोकं फिरलं. मला खोटी ठरवायची, आणि तीही माझ्याकडे न बघता?

मी तिकीट उचललं. फोटोतला तो गाल अंगठ्याने झाकला, माझा तळहाताने झाकला, आणि तिकीट तोंडाशेजारी धरलं.

“मॅडम, आता नीट बघा. भुवई, कान, ओठाजवळचा तीळ. मीच आहे ना?”

त्यांनी बघितलं आणि मान डोलावली. मग मी तळहात काढला.

“आणि हीसुद्धा मीच. फोटोवाल्याने डाग पुसला, मी पुसू दिला. चूक माझी आहे. पण पेपर मी देणार.”

या वेळी बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि केंद्रप्रमुखांना बोलावलं. लेखी हमी घेऊन जागेवरच नवा फोटो काढायचं ठरलं. केंद्रप्रमुख भला माणूस. मोबाईल धरून हळूच म्हणाले, मान जरा डावीकडे वळव, म्हणजे दिसणार नाही.

“नको सर. समोरूनच काढा. दिसलाच पाहिजे.”

पेपर सुरू झाल्यावर पर्यवेक्षक फोटोंची यादी घेऊन एकेकाजवळ येऊ लागले. माझ्यापाशी आले, माझ्या नावापुढे नुकताच छापून चिकटवलेला नवा फोटो बघितला, माझा चेहरा बघितला, सही घेतली आणि पुढच्या मुलीकडे गेले. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले आणि समोरच्या स्क्रीनवरचा प्रश्नच दिसेना. ओढणीने डोळे पुसले आणि पेपर दणकून सोडवला.

यंदा मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नंबर लागला त्या दिवशी आम्ही अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, पण मला आठवते ती पेपरची दुपार. फाटकापाशी आईने माझे लाल डोळे बघितले आणि तिचा चेहरा उतरला.

“कुनी काय बोललं का गं तुला?”

“नाय गं,” मी म्हटलं. “ओळखलं मला.”