चार देश आणि ग्लासांची उतरंड

मी भूगोलाचा मास्तर असून, भूकंपातून वाचलेल्या माझ्या बायकोला विसावा मिळावा म्हणून इंडोनेशियाला न्यायचं ठरवलं.

यात माझं काय चुकलं हे ज्यांच्या लक्षात आलं नाही, ते बहुतेक माझेच विद्यार्थी असावेत.

लातूरमध्ये भूगोलाच्या मास्तराचं स्थान म्हणजे आमटीतल्या कढीपत्त्याचं. नसला तर चुकल्यासारखं वाटतं, असला तर ताटाच्या कडेला काढून ठेवतात. सगळं गाव पोरांना डॉक्टर करण्याच्या मागं लागलेलं असताना नद्यांचे उगम सांगणाऱ्याला कोण विचारतो? तरी मी शाळेबाहेर क्लास काढलाच. घरातल्या पुढच्या खोलीत बाकडी टाकली आणि भिंतीवर कापडाचा जगाचा नकाशा टांगला. तो मी स्वतः रंगवला होता. क्लास एक पावसाळा टिकला. ज्या गावात क्लास काढून माणसं तीनमजली झाली, त्या गावात क्लास बुडवलेला मास्तर बहुधा मी एकटाच. बाकडी आमच्या बायकोच्या खानावळीला उपयोगी पडली, नकाशा भिंतीवर राहिला.

बायकोचं नाव कला. माहेर उदगीरचं. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. आम्हा मराठवाड्याच्या माणसांना समुद्र म्हणजे नातेवाइकांनी सांगायची गोष्ट. भरलेला पाझर तलाव दिसला तरी आम्ही एसटीतून उभे राहून बघतो.

तर भूकंप. पहाटे जमीन हलली तेव्हा घरातून सगळ्यांत आधी मी बाहेर आलो. (रस्ता मोकळा आहे की नाही, हे कुणीतरी बघायला हवंच होतं.) कला मागून आली. गॅस बंद करून, दाराला कडी लावून आणि माझी चप्पल हातात घेऊन. शेजारचे गफ्फारभाई टेलर लुंगी सावरत गल्लीत उभे होते, त्यांनी हा क्रम नीट पाहून ठेवला. गफ्फारभाईंची नजर मापं घेऊन घेऊन फार बारीक झालेली आहे.

आमचं घर उभं होतं, पण भिंतींना भेगा पडल्या होत्या आणि जमीन अधूनमधून गुरगुरतच होती. सगळी गल्ली मैदानात पत्र्याचे आडोसे करून राहायला गेली. आमच्या आडोशाच्या एका पत्र्याला भोक होतं, त्यातून वारा थेट चुलीवर यायचा. कलाच्या भावानं, दत्तूनं, उदगीरच्या मोंढ्यातल्या दुकानातून पामतेलाच्या कंपनीचं कॅलेंडर आणलं आणि ते त्या भोकावर लावून टाकलं. त्यावर निळाशार समुद्र होता, कलंडलेली नारळाची झाडं होती आणि काठाला एक रिकामी होडी.

कला भाकरी थापता थापता त्याच्याकडं बघत राहायची. एका संध्याकाळी म्हणाली, "हे कुठं हाय हो?"

"मलेशियात."

"तिथं जमीन हालती का?"

"छे. एकदम गुणी जमीन आहे तिथली."

"आन् पाणी?"

"पाणी काय, हलतंच की."

ती भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मग ते बगायचंय मला. जमीन गप बसलेली आन् पाणी हालून राहिलेलं."

"नेतो," मी म्हणालो.

आडोशात राहणाऱ्या माणसाला काहीही कबूल करायला काही वाटत नाही. बाजूच्या आडोशातल्या बिराजदार आण्णांनी तर देवाला सोन्याचा कळस कबूल केला होता. पुढं त्यांनी मुलांच्या वसतिगृहाचे मजल्यावर मजले चढवले, देव अजून वाट बघून राहिलाय. पण देवाचं बरं असतं, त्याला स्वयंपाकघरातून रोज आपल्याकडं बघता येत नाही.

आम्ही घर नव्यानं बांधलं. गल्लीत सगळ्यांनी स्लॅब टाकले, आम्ही पत्रे. विचारणाऱ्याला मी सांगायचो, "आमच्या कलाला स्लॅबची भीती वाटते हो." लोक सहानुभूतीनं मान हलवायचे. झोपायच्या आधी ती दाराजवळच्या स्टुलावर स्टीलच्या ग्लासांची उतरंड लावायची, मोठा खाली, लहान वर. जमीन जराशी जरी हलली तरी ग्लास खणखणत पडणार आणि जाग येणार. भूकंपानंतर घरोघरी ही उतरंड होती. हळूहळू सगळ्यांनी ती मोडली आणि ग्लास पुन्हा पाणी प्यायला घेतले. आमची तेवढी राहिली. "कलाला सवय झालीय," हेही मीच सांगायचो.

ते कॅलेंडर संपलं, तरी तिनं चित्र कापून ओट्यासमोर चिकटवलं. खानावळीत पोरं वाढत गेली, फोडण्या वाढत गेल्या, आणि समुद्र हळूहळू वरणाच्या रंगाचा झाला. उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या क्लासांची पोरं गावी गेली की दोन्ही हात पदराला पुसत ती एवढंच विचारायची, "औंदा?"

औंदा उत्तरपत्रिका असायच्या. औंदा जनगणना असायची. एका औंदा मी निवडणुकीच्या कामावर किनवटच्या जंगलात गेलो आणि परत आल्यावर तिला उत्साहानं सांगितलं, "समुद्र नाही, पण पैनगंगा पाहून आलो." त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं.

शेवटी मी निवृत्त झालो आणि कारणंही माझ्याबरोबर निवृत्त झाली. खानावळीतली शिल्लक तिनं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आता बोला."

तिला एक समुद्र पाहिजे होता. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण आम्हा मास्तर लोकांना एका उदाहरणानं भागत नाही. मी म्हणालो, "गेलोच आहोत तर मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई आणि इंडोनेशिया. चारही ठिकाणी मलय भाषा चालते. म्हणजे शिकायची एकदा आणि वापरायची चारदा."

(खरं कारण वेगळं होतं. जन्मभर मी फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढला. मुख, नलिका, लाव्हारस, सगळं खडूनं. प्रत्यक्षात ज्वालामुखी सोडाच, धुराडंसुद्धा मी जवळून पाहिलं ते साखर कारखान्याचं. एकदा तरी तो डोंगर धुमसताना बघावा, अशी माझीही एक ओढ होती. ती मी कलाच्या समुद्राखाली लपवली.)

मलय भाषेचं पुस्तक आणलं आणि जेवणाच्या बाकड्यांवर माझा बुडालेला क्लास पुन्हा सुरू झाला. विद्यार्थी दोन, कला आणि गफ्फारभाई. गफ्फारभाईंना कुठंही जायचं नव्हतं, पण ते म्हणाले, "मास्तर, पढाई फुकट नही जाती." मी वाचू लागलो. साबणाला साबुन, जगाला दुनिया, नवऱ्याला सुआमी, शिक्षकाला गुरू.

गफ्फारभाई वैतागले. "ये तो अपनीच जबान है. इसमें पढ़ना क्या है?"

"समुद्राला काय म्हणतात?" कलानं विचारलं.

"लाऊत."

बाकी शब्दांशी तिला देणंघेणं नव्हतं. कणीक तिंबताना ती ओठातल्या ओठात "लाऊत, लाऊत" म्हणत राहायची. पोळ्या त्या आठवड्यात फार मऊ झाल्या, असं खानावळीतली पोरं म्हणाली.

आता आमच्याकडं परदेशी जाणारा माणूस परत आल्यावर नाही, जायच्या आधीच थोर होतो. चौकात फलक लागला. त्यावर माझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो आणि मागं विमान, ते बरोबर माझ्या कानात शिरताना दिसत होतं. कलाचा फोटो नव्हता. जेवणाची आमंत्रणं सुरू झाली. उमरीच्या चुलत बहिणीनं तर पुरणपोळीचा घाट घातला, आणि "तिकडं काय मिळतंय की न्हाई" म्हणून मला एवढं वाढलं की विमानाला माझा वेगळा विचार करावा लागला असता. गफ्फारभाईंनी माझ्या बनियनला आतून चोरखिसा शिवून दिला. तो इतका चोर होता की मला स्वतःला सापडेना.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी गल्लीनं आमच्याच पुढच्या खोलीत सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. अध्यक्ष बिराजदार आण्णा. दत्तू उदगीरहून शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचं गाठोडं घेऊन आलेला. कला आत चहा टाकत होती.

आण्णा म्हणाले, "मास्तर, आता तुमचा रस्ता जरा नकाशावर दाखवा की. आमालाबी कळू द्या कुठं चाललाव."

हातात छडी, समोर नकाशा आणि उठून न जाणारे श्रोते. असा योग माझ्या आयुष्यात क्वचितच आला होता. मी शाल सावरली. "इथं उतरायचं, क्वालालंपूर. मग खाली सिंगापूर. इकडं ब्रुनेई. आणि मग हा सगळा बेटांचा हार, सुमात्रा, जावा, बाली, हा इंडोनेशिया."

दत्तू डोळे बारीक करून बघत होता. "दाजी, त्या हारावर लाल ठिपके लई हायेत. ते कशाचे?"

मास्तराला कुणी प्रश्न विचारला की त्याचं डोकं थांबतं आणि तोंड सुरू होतं. एवढी वर्षं मी वाट बघत होतो की कुणीतरी ते ठिपके विचारावेत. मी छाती पुढं काढून खणखणीत आवाजात सांगितलं, "शाब्बास. हे भूकंप आणि ज्वालामुखी. जगातल्या सगळ्यांत हलत्या पट्ट्यांपैकी एक. इथली जमीन शांत अशी बसतच नाही."

माझी छडी जावाच्या मध्यावर टेकलेली होती. दारात कला चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

आण्णांनी हळूच नारळ स्वतःकडं ओढून घेतला. दत्तू म्हणाला, "दाजी, भूकंपातून निगाल्याल्या बाईला तुमी भूकंपाच्या माहेरी घेऊन चाललाव?"

"इंडोनेशिया रद्द," मी म्हणालो. नारळ आण्णांकडंच राहिला, म्हणून पुढं म्हणालो, "ब्रुनेईसुद्धा रद्द. हवं तर सगळंच रद्द. कोकणात जाऊ. समुद्र इथूनतिथून एकच आहे, फक्त पत्ता वेगळा."

कलानं सगळ्यांना चहा दिला. माझा कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तिथली मान्सं झोपतात का?"

"कुठली?"

"त्या ठिपक्यावरची."

"झोपत असतील की. कोट्यवधी लोक राहतात."

"मग मला तेबी बगायचंय. चारीबी देश. काय रद्दबिद्द न्हाई." आणि ती ट्रे घेऊन आत गेली.

सत्कार पुढं चालू झाला, पण माझं चित्त उडालं. मी आत जाऊन तिला समजावू लागलो. हॉटेलची खोली विसाव्या मजल्यावर आहे. तिकडं डोंगर चालू स्थितीत आहेत. तुला दगदग होईल. तुला झोप येणार नाही. ती बॅग भरत होती, ऐकत होती. शेवटी मी तिच्या काळजीपोटी ओट्यावरचे स्टीलचे ग्लास उचलले आणि साड्यांच्या मधे हळूच सरकवले. बॅगेचं झाकण लागेना, म्हणून दत्तू आणि गफ्फारभाई मदतीला आले. कलानं बॅगेतली वरची साडी उचलली आणि एकेक ग्लास बाहेर काढून जमिनीवर मांडत गेली.

"हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. तुला त्याशिवाय..."

"माझ्यासाठी?" तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, पोळी जळाली की नाही हे बघतात तसं. "उतरंड लावल्याबिगर डोळा कोण मिटत न्हाई? एक दिवस लावायची इसरले, तर रातभर दाराशी कोण बसलं? स्लॅब नको म्हून गवंड्याला माघारी कोण लावलं? गल्लीला सांगितलं, कला भिती. मी म्हणलं, भिती तर भिती. मास्तराची अब्रू राहू द्या."

गफ्फारभाई शिलाईत काही चूक सापडल्यासारखे बॅगेकडं बघू लागले.

मी म्हणालो, "पण मघाशी तो नकाशा, ते ठिपके..."

"एवढी वर्सं त्याच्यावरची धूळ कोण पुसतंय? खाली कोपऱ्यात तुमच्याच अक्षरात लिवलंय कशाचे हायेत ते. तुमी इंडोनेशिया म्हणलाव तवाच कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं ओट्यासमोरचं चित्र सोडवायला सुरुवात केली. कडा भिंतीला चिकटून बसल्या होत्या, त्या तिनं उलथन्यानं अलगद सोडवल्या. समुद्र पिवळा झाला होता, होडी मात्र अजून रिकामी होती. चित्र घडी घालून तिनं ग्लासांच्या जागी साड्यांमधे ठेवलं.

"बोलले असते तर तुमी आलाव असताव का? मला समुद्र पायजे होता. तुमचा डोंगरबी बगू की. त्यो धूर सोडल, तुमी पळाल, मी चप्पल घेऊन मागून येते."

दत्तूनं बॅगेवर गुडघा टेकवला, गफ्फारभाईंनी चेन ओढली. या वेळी ती पहिल्या दमात लागली. मी काहीतरी भारदस्त बोलावं म्हणून घसा साफ केला आणि म्हणालो, "विमानात खिडकीची जागा कलाला. तिला वरून समुद्र दिसेल."

"बरोबर है," गफ्फारभाई लुंगी झटकत उठले. "भाभी, तुमी खिडकीपाशी बसा. आन् मास्तरको दरवाजे के बाजू में बिठाव. इनको पहले निकलने की आदत है."