रुमालाखालचा दुसरा हात

भूत, शकुन, नवस... यातल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे, असं म्हणणार नाही. जे पाहिलं ते फक्त क्रमाने लिहितो.

आम्ही जर्मनीत, डार्मश्टाटला राहतो. गेल्या मे महिन्यात माझे सासरे, अण्णा, कोल्हापूरहून आले होते. उभा जन्म गूळ मार्केटात गेलेला. त्याच्या आठ महिने आधी पॅरालिसिसचा अटॅक आला, नंतर चालणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं हलेनात. "बोटं गेली म्हंजे माझं बोलणंच गेलं," म्हणायचे. कारण त्यांचे सौदे रुमालाखाली व्हायचे — दोघांचे हात झाकायचे आणि भाव बोटं दाबून सांगायचा.

एका शनिवारी लाइपझिगला गेलो. तिथली जुनी हांडेल्सब्योर्से, म्हणजे व्यापाऱ्यांची सौद्याची इमारत, बघायला उघडी होती. सकाळचे सव्वाअकरा. वरच्या दालनात आम्ही तिघंच — मी, अण्णा आणि माझी बारा वर्षांची मुलगी मीरा. देखरेखीच्या बाई दाराशी, पंधरा पावलांवर.

"हितं सौदे व्हायचे व्हय? मग यांचा रुमाल कुठाय?" अण्णा म्हणाले.

"त्साइग माल, आजोबा!" मीरा जर्मनमध्ये मागेच लागली — दाखवाच.

अण्णांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून पुढे केला आणि डावा पाठीमागे घेतला. मी वर त्यांचा रुमाल टाकला. मीरा फोटोसाठी मागे सरकली.

अण्णा एकदम ताठ झाले. "जावईबापू, कोण हो हे? चांगलं दाबतंय की!"

"अण्णा, समोर कोणी नाहीये."

"गप बसा. भाव चाललाय."

रुमाल हलत होता... मग ते खदखदून हसले. "झाला सौदा!"

मी रुमाल उचलला. खाली एकच हात. पाचही बोटं मिटत होती, उघडत होती! मीरा नाचायला लागली, माझे डोळे भरले. दाराशी उभ्या बाईंना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

फिजिओथेरपिस्ट म्हणतात, हालचाल अशी अचानक परत येऊ शकते. मान्य. पण मीराच्या फोटोत रुमालाखाली दोन उंचवटे आहेत. घरी तोच रुमाल अण्णांच्या हातावर अकरा वेळा टाकून पाहिला. तसा आकार एकदाही आला नाही. बाराव्या वेळी खाली माझा हात घातला — तेव्हा आला.

अण्णांना विचारलं, सौदा कसला झाला?

"रुमालाखालचं बाहेर सांगायचं नसतं, जावईबापू," ते म्हणाले, आणि उजव्या हाताने शर्टाची बटणं लावत बसले.